जलप्रदूषण प्रतिबंधाच्या संशोधन-प्रशिक्षणासाठी सरकारी अनुदान हवंय, प्रस्ताव कुठे अडकतो?

बहुतेक वेळा विषयात नाही, तर तपशिलात. योजनेचं नाव 'प्रतिबंध' असताना प्रस्ताव सांडपाणी शुद्धीकरणाचा असेल, तर तो पहिल्याच चाळणीत बाद होऊ शकतो. प्रतिबंध म्हणजे घाण उगमापाशीच कमी करणं: कारखान्यातलं रसायन बदलणं, धुण्याचं पाणी पुन्हा वापरणं, शेतातून वाहून जाणारं खत अडवणं. बांधकामाचा खर्च अशा अनुदानात सहसा धरत नाहीत.

पाण्याच्या नमुन्यांची योजना मात्र नीट लिहा. परीक्षक तिथेच थांबतात. बीओडीचा (जिवाणूंना पाण्यातली घाण कुजवायला किती ऑक्सिजन लागतो, त्याचं माप) नमुना ४ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवून शक्यतो २४ तासांत तपासणीला लावावा लागतो आणि निकालाला २० अंशांवर ५ दिवस (भारतातल्या प्रचलित पद्धतीत २७ अंशांवर ३ दिवस) जातात. सीओडीच्या (हीच ऑक्सिजनची गरज रसायनाने मोजणं) नमुन्यात सल्फ्युरिक आम्ल, जड धातूंच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणतात. म्हणजे बाटल्या वेगळ्या, बर्फ, वाहन आणि प्रयोगशाळेची वेळ, हे सगळं अंदाजपत्रकात हवं. कोरे (शुद्ध पाण्याचे, चूक पकडायला) आणि दुहेरी (एकाच जागचे दोन) नमुने धरायला लोक हमखास विसरतात, मग खर्च वाढतो. उपाय करण्याआधीची मोजणीही हवीच. ती नसेल तर फरक कशाशी ताडणार?

प्रशिक्षणात 'इतक्या लोकांना शिकवलं' एवढं पुरत नाही. प्रशिक्षणार्थी स्वतः नमुना घेऊन नोंद बरोबर करतो का, ही चाचणी लिहा.

खर्चात संस्थेचा स्वतःचा हिस्सा मागितला असेल, तर पैशांऐवजी मनुष्यतास (आपल्या लोकांच्या कामाचे तास) किंवा उपकरणांचा वापर चालतो का, हे अर्जाआधी लेखी विचारून घ्या.