पान उलटून बघणं

"आतड्याला सूज आहे म्हणजे पुढे कॅन्सर ठरलेलाच ना, मॅडम?" नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय, की आता लिहूनच टाकते. ज्यांची गोष्ट सांगतेय त्यांनी परवानगी दिली आहे, ओळख पटेल ते सगळं बदललंय.

दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार, वय चाळिशीचं. अल्सरेटिव्ह कोलायटिसला, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येणाऱ्या जुनाट आजाराला, दहा वर्षं झालेली, सूज जवळजवळ सगळ्या मोठ्या आतड्यात. डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं मोठ्या आतड्याची तपासणी, सांगून दीड वर्ष उलटलं होतं. कधी छाटणी, कधी माल काढणी, कधी लेकीची परीक्षा. शेवटी बायकोनंच आणून माझ्यासमोर बसवलं.

"रात्र रात्र मोबाइल बघतात. अठरा टक्के, अठरा टक्के करतात. आणि बरं वाटतंय म्हणून गोळ्याही बंद केल्यात."

"अगं, ते कशाला सांगतेस?" ते पुटपुटले.

तो आकडा कुठला, ते मला माहीत होतं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोलायटिसच्या रुग्णांमध्ये कॅन्सरचं प्रमाण दहा वर्षांनी २ टक्के, वीस वर्षांनी ८ आणि तीस वर्षांनी १८ टक्के असं मांडलं होतं. नंतरच्या अभ्यासांत धोका त्यापेक्षा बराच कमी दिसला. हे सगळं मी नीट समजावलं. त्यांनी मान डोलावली. पुढच्या भेटीत पुन्हा अठरा टक्के.

भीती माणूस स्वतःशी जे बोलतो त्यातून वाढते, असं मानणाऱ्यांतली मी. पण दोन भेटी विचारांची चिरफाड करून काही हाती लागलं नाही. तिसऱ्या भेटीत आजार बाजूला ठेवून सहज विचारलं, "पाऊस पडून गेला की बागेत पहिलं काय करता?"

"पानं उलटून बघतो. डाऊनीचा पिवळा डाग वर दिसतो, पांढरी बुरशी खालच्या अंगाला."

"आणि डाग सापडेल या भीतीनं बागेत गेलाच नाहीत तर?"

हसले. "असं कोण करतं? मग घडच जातील की." बोलता बोलता थांबले. पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. मी मुद्दाम काही बोलले नाही. (गप्प कधी बसायचं हे शिकायला मला बरीच वर्षं लागली.) मग बायकोकडे न बघताच म्हणाले, "दीड वर्ष मी बागेत गेलोच नाही म्हणायचं."

त्या वाक्यानंतर माझं काम सोपं झालं. मग सांगितलं ते तुम्हालाही सांगते. धोका वाढतो तो आजार किती वर्षांचा, किती आतड्यात पसरलेला आणि सूज किती धुमसती, यावर. सूज फक्त गुदाशयापुरती असेल तर धोका फारसा वाढत नाही. घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. साधारण आठ वर्षांनी तपासणी सुरू होते आणि पुढची दर एक ते पाच वर्षांनी, ज्याच्या त्याच्या धोक्यानुसार. सोबत पित्तनलिकांचा पीएससी हा आजार असेल, तर निदान झाल्यापासून दरवर्षी. कॅन्सर होण्याआधी पेशी बदलू लागतात आणि ते बदल कोलोनोस्कोपीत काढलेला आतड्याचा छोटा तुकडा तपासून बहुधा आधीच पकडता येतात. बरं वाटत असतानाही गोळ्या चालू ठेवायच्या त्या सूज दबलेली राहावी म्हणून. त्या मनानं बंद करू नका. आणि हो, आयबीएस, म्हणजे सूज नसताना पोट बिघडत राहण्याचा त्रास, वेगळा. त्यानं हा धोका वाढत नाही. निम्मे लोक या दोघांत गल्लत करून घाबरतात.

"आधीच माझं पोट असं, त्यात वर तपासणीआधी आतडं साफ करायला जुलाबाचं औषध प्यायचं!" ही त्यांची शेवटची तक्रार. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते प्यावंच लागतं.

प्यायले. थोडी सूज निघाली, तुकड्यांत वावगं काही नाही. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पुढच्या तपासणीची तारीख त्यांनी घरच्या कॅलेंडरवर लिहिलीय, फवारणीच्या नोंदींच्या शेजारी. बायकोनं मला त्याचा फोटो पाठवला.