भाषाशंका : स्पॅनिशमध्ये किल्ल्या सापडतात तेव्हा क्रियापद कोणाचं?

प्रश्न : 'मला किल्ल्या सापडल्या' याचं स्पॅनिश मी 'मे एन्कोन्त्रारोन लास याबेस' असं केलं. 'मला' म्हणजे 'मे', आणि किल्ल्या अनेकवचनी म्हणून 'एन्कोन्त्रारोन'. शिक्षकांनी ते चूक दिलं. का? (सदरबझार, सातारा)

उत्तर : शब्द स्पॅनिश आहेत, वाक्याचा सांगाडा मात्र मराठी राहिलाय. आपल्याकडे 'सापडणे' या क्रियापदाचा कर्ता म्हणजे सापडलेली वस्तू. ज्याला ती सापडते तो चतुर्थीत जातो : मला, तुला, आईला. 'एन्कोन्त्रार' याच्या उलट चालतं. तिथे शोधणारा कर्ता आणि किल्ल्या कर्म. क्रियापद शोधणाऱ्याप्रमाणे बदलणार, किल्ली एक असो की दहा : 'एन्कोन्त्रे ला याबे', 'एन्कोन्त्रे लास याबेस'. दोन्हीकडे जोर शेवटच्या 'त्रे'वर.

तुमचं वाक्य ऐकून माद्रिदचा माणूस गोंधळणार नाही. 'कोणीतरी माझ्या किल्ल्या शोधून दिल्या' असा सरळ अर्थ तो घेईल. चूक अंगवळणी पडते ती यामुळेच, कारण समोरचा अडत नाही.

हीच मराठी सवय आणखी दोन ठिकाणी आडवी येते. पहिली जागा 'ए एन्कोन्त्रादो लास याबेस' या रूपाची. स्पेनमध्ये आजच घडलेल्या गोष्टीसाठी हे रूप सर्रास वापरतात, लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी साधं 'एन्कोन्त्रे' चालतं. यातलं 'एन्कोन्त्रादो' जसंच्या तसं ठेवायचं. आपण 'किल्ली शोधली, किल्ल्या शोधल्या' असं कर्माप्रमाणे बदलत असतो, म्हणून हात आपोआप 'एन्कोन्त्रादास' लिहितो.

दुसरी जागा उत्तर देतानाची. 'सापडल्या का?' 'हो, सापडल्या.' मराठीत एवढं पुरतं. स्पॅनिशमध्ये नुसतं 'सी, एन्कोन्त्रे' अर्धवट राहतं, कर्माचं सर्वनाम हवंच : 'सी, लास एन्कोन्त्रे'. पुल्लिंगी पाकीट एल मोनेदेरो असेल तर 'लो एन्कोन्त्रे'.

गंमत अशी की हरवण्याच्या बाबतीत मराठी सांगाडा बरोबर बसतो. 'से मे पेर्दिओ ला याबे', 'से मे पेर्दिएरोन लास याबेस'. इथे कर्ता किल्लीच, 'मे' म्हणजे आपलं 'माझी, माझ्या', आणि क्रियापद किल्ल्यांच्या वचनाप्रमाणे. तेव्हा हरवताना मराठीवर विश्वास ठेवा, सापडताना ठेवू नका.

प्रश्न : सांगलीत आमचा हळदीचा व्यापार आहे. स्पेनमधल्या खरेदीदारांना लिहिताना 'बुस्को उना एम्प्रेसा के कोम्प्रा कुर्कुमा' असं लिहिलं. 'कोम्प्रा'च्या जागी 'कोम्प्रे' हवं, असं एकाने सांगितलं. फरक काय? (गणपती पेठ, सांगली)

उत्तर : 'कोम्प्रे'च हवं. तुमच्या वाक्याचा अर्थ असा होतो की हळद घेणारी एक ठरावीक कंपनी तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही तिच्या शोधात आहात. तुम्हाला म्हणायचंय, 'हळद घेणारी एखादी कंपनी हवी आहे.' ती अजून डोळ्यांसमोर नाही, असेल की नाही हेही ठाऊक नाही. अशा वेळी 'के'नंतरचं क्रियापद सबजंक्टिव्हमध्ये, म्हणजे अनिश्चित गोष्टीसाठीच्या रूपात, जातं : 'बुस्को उना एम्प्रेसा के कोम्प्रे कुर्कुमा'.

कंपनी मिळाली की रूप परत साधं : 'ए एन्कोन्त्रादो उना एम्प्रेसा के कोम्प्रा कुर्कुमा'. नाहीच मिळाली तर पुन्हा सबजंक्टिव्ह : 'नो एन्कुएन्त्रो निंगुना एम्प्रेसा के कोम्प्रे कुर्कुमा'. म्हणजे शोधताय की सापडलंय, यावर दुसरं क्रियापद ठरतं. ईमेलसाठी याहून सभ्य वाक्य : 'कोनोसे आल्गुना एम्प्रेसा के कोम्प्रे कुर्कुमा?' तुम्हाला अशी एखादी कंपनी माहीत आहे का? विचारणा आहे, म्हणून इथेही 'कोम्प्रे'.

रूप बनवायची रीत : वर्तमानकाळातलं 'मी'चं रूप घ्या आणि शेवटचा 'ओ' काढा. 'आर'ने संपणाऱ्या क्रियापदाला 'ए' लावा, 'एर' किंवा 'इर'ने संपणाऱ्याला 'आ'. कोम्प्रोचं कोम्प्रे, बेन्दोचं बेन्दा, तेंगोचं तेंगा.

माणूस शोधत असाल तर आणखी एक बारकावा आहे, आणि त्यासाठी मराठी कान तयारच असतो. 'मी डॉक्टर शोधतोय' म्हणजे कोणीही डॉक्टर. 'मी डॉक्टरांना शोधतोय' म्हणजे ठरावीक डॉक्टर. स्पॅनिशचा 'आ' आपल्या 'ला, ना'सारखाच येतो : 'बुस्को उन मेदिको के आब्ले माराती', पण 'बुस्को आल मेदिको'. एक अपवाद घोकून ठेवा. 'नादिए' (कोणीही नाही) आणि 'आल्गिएन' (कोणीतरी) यांच्याआधी 'आ' लागतोच, माणूस ठरावीक नसला तरी : 'नो एन्कुएन्त्रो आ नादिए के आब्ले माराती'.

प्रश्न : 'नो एन्कोन्त्राबा' आणि 'नो एन्कोन्त्रे' यात गल्लत होते. (मिरज)

उत्तर : मराठीत म्हणून पाहा. 'सापडत नव्हतं', म्हणजे शोध चालू होता, तर 'एन्कोन्त्राबा'. 'सापडलं नाही', म्हणजे शोध तिथेच संपला, तर 'एन्कोन्त्रे'. 'नो एन्कोन्त्राबा एल बियेते' म्हटल्यावर ऐकणारा पुढचं वाक्य ऐकायला थांबतो : तिकीट मिळत नव्हतं, मग काय झालं?

प्रश्न : 'एन्को' कधी आणि 'एन्कुए' कधी? (कराड)

उत्तर : वर्तमानकाळात सहापैकी चार रूपांत 'कुए' येतो : एन्कुएन्त्रो, एन्कुएन्त्रास, एन्कुएन्त्रा, एन्कुएन्त्रान. 'आम्ही' आणि स्पेनमधलं 'तुम्ही' यांत 'को' टिकतो : एन्कोन्त्रामोस, एन्कोन्त्राइस. कारण जोराचं आहे. त्या अक्षरावर जोर पडला की 'ओ'चा 'उए' होतो, जोर पुढे सरकला की होत नाही. सबजंक्टिव्हमध्येही हीच चार रूपं बदलतात. भूतकाळ आणि भविष्यकाळात 'कुए' कुठेच नाही. ठिकाण सांगतानाही तोच 'कुए' : 'सांगली से एन्कुएन्त्रा आ ओरियास देल रिओ क्रिश्ना', सांगली कृष्णेकाठी आहे. इथे 'से' गाळलंत, तर सांगली काहीतरी शोधून काढते असा अर्थ होईल.