घटना, संविधान आणि चुकीच्या जागी पडलेली लाल रेघ

प्रश्न थोडक्यात असा. 'राष्ट्राला राज्यघटना का लागते आणि ती कशी विकसित होत जाते' या विषयावर एका मुलीने वक्तृत्व स्पर्धेसाठी भाषण लिहिलं. शिक्षकांनी 'घटना' हा शब्द दिसेल तिथे लाल रेघ मारून वर 'संविधान' लिहिलं. कारण सांगितलं, 'घटना म्हणजे प्रसंग.' त्याच भाषणात 'संविधान संशोधन' असाही शब्द होता, त्याला हात लावला नाही. तिच्या आईने विचारलंय, बरोबर काय?

बरोबर उलट झालंय. खोडायचं ते राहिलं आणि राहायचं ते खोडलं.

'संशोधन' आधी उरकून टाकतो, कारण हल्ली बातम्यांत तो रोज ऐकावा लागतो आणि रोज माझा चहा गार होतो. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. मूळ धातू 'शुध्', म्हणजे शुद्ध करणे. तेव्हा हिंदीत तो अगदी योग्य आहे. मराठीत मात्र संशोधन प्रयोगशाळेत होतं, दप्तरखान्यात होतं. 'घटनेत संशोधन झाले' असं मराठीत म्हटलं, तर कोणीतरी जुन्या प्रती चाळत बसलंय असाच अर्थ होतो. आपला शब्द 'घटनादुरुस्ती'. भारताच्या संविधानाच्या अधिकृत मराठी पाठात 'सुधारणा' आहे, तोही चालेल. पण मला तो जरा आगाऊ वाटतो. केलेला बदल चांगलाच आहे, हे तो आधीच ठरवून टाकतो. अमेरिकेने १९१९ मध्ये अठराव्या दुरुस्तीने दारूबंदी आणली आणि १९३३ मध्ये एकविसाव्या दुरुस्तीने ती उठवली. आता यातली सुधारणा कोणती? 'दुरुस्ती' निदान एवढंच सांगते की कोणीतरी पाना-पक्कड घेऊन बसलं होतं.

आता 'घटना'. प्रसंग हा तिचा अर्थ आहेच, तो सांगण्यात वेळ घालवत नाही. पण तो एकच अर्थ आहे असं मानणाऱ्यांनी 'संघटना' म्हणजे काय समजायचं? पुष्कळ प्रसंग एकत्र आले म्हणजे संघटना होते का? आणि 'विघटन'? 'घटक'? या सगळ्यांमागे 'घट्' धातू आहे. त्याचं प्रयोजक रूप 'घटयति', म्हणजे जोडतो, जुळवतो, घडवतो. मराठी 'घडणे', 'घडवणे', 'जडणघडण' त्याच घरातले. मायेचं ते प्रसिद्ध विशेषण आठवा, 'अघटितघटनापटीयसी'. जे जुळणं शक्य नाही ते जुळवून आणण्यात पटाईत. इथे 'घटना' म्हणजे निव्वळ जुळवणी, घडवणूक. तेव्हा राज्यघटना म्हणजे राज्याची घडण, आणि डॉ. आंबेडकरांना आपण 'घटनेचे शिल्पकार' म्हणतो ते शब्दार्थानेही चपखल बसतं. प्रसंगाला शिल्पकार कुठून असणार?

जाता जाता: शब्द 'राज्यघटना' आहे, 'राष्ट्रघटना' नाही. राष्ट्र राज्याशिवायही तग धरतं. पोलंड १७९५ ते १९१८ नकाशावर नव्हता, पण पोलिश राष्ट्र होतंच. घटना लागते ती राज्याला, कारण हुकूम राज्य सोडतं.

मग 'संविधान' चुकीचं का? मुळीच नाही. उलट खरी मौज तिथेच आहे आणि एवढ्यासाठीच मी उत्तर लिहायला बसलो. सम् + वि + धा. 'धा' म्हणजे ठेवणे. विधान, विधी, निधी, संधी, समाधान ही सगळी या एका धातूची लेकरं. संविधान म्हणजे नीट विचार करून, प्रत्येक गोष्ट जिथल्या तिथे ठेवून केलेली मांडणी. आता त्याला नुसता 'क' लावा. 'संविधानक'! नाटकाबद्दल लिहिणारे जुने मराठी लेखक हा शब्द सर्रास वापरत. नाटकाचं संविधानक म्हणजे त्याची रचना: कोण केव्हा येणार, कोणाला काय ठाऊक असणार, कोण कोणासमोर बोलणार आणि कोणी केव्हा निघून जायचं.

राज्याला संविधान का लागतं, याचं उत्तर मला या एका 'क'मध्ये दिसतं. रंगमंचावर आलेलं कोणतंही पात्र आपणहून जायला तयार नसतं. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं केली गेली. म्हणजे पात्राने स्वतःच आपली एक्झिट पुढे ढकलली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ती पुन्हा पाचावर आणली. प्रवेश आणि प्रस्थान लिहून ठेवायला हवं ते एवढ्यासाठी. चांगल्या नटांवर विश्वास नसतो म्हणून नव्हे. पुढचा नट कोण असेल हे ठाऊक नसतं म्हणून.

आणि आता माझा लाडका मुद्दा. भवभूतीच्या 'उत्तररामचरित' या संस्कृत नाटकात, तिसऱ्या अंकाच्या शेवटाकडे तमसा, म्हणजे पात्र होऊन आलेली नदी, म्हणते, 'अहो संविधानकम्!' काय ही मांडणी! आणि लगेच पुढे तो श्लोक: रस एकच, करुण, निमित्तं बदलतात तशी त्याची रूपं वेगळी भासतात. पाणी भोवरा होतं, बुडबुडा होतं, लाट होतं, पण ते सगळं पाणीच. आता तारीख पाहा, २४ एप्रिल १९७३. सर्वोच्च न्यायालयातला केशवानंद भारती खटला, तेरा न्यायमूर्ती, निकाल सात विरुद्ध सहा. संसदेला अनुच्छेद ३६८ खाली, म्हणजे दुरुस्तीच्या अधिकारात, कोणतीही तरतूद बदलता येईल, पण संविधानाची मूळ घडण मोडता येणार नाही. लाटा हव्या तेवढ्या, पाणी तेच. भवभूतीला राज्यशास्त्राशी काही देणंघेणं नव्हतं आणि न्यायमूर्तींना तमसेशी, हे मला कळतं. तरी 'संविधानक' शब्द उच्चारल्यावर पुढच्याच श्वासात हा विचार यावा, हे मी योगायोग म्हणून सोडायला तयार नाही. ज्यांना सोडायचा त्यांनी सोडावा.

केशवानंद निकालातल्या त्या तत्त्वाला मराठीत 'मूलभूत चौकट' म्हणतात, त्यावरही माझा आक्षेप आहे. चौकट चित्राच्या बाहेर असते. चौकट तशीच ठेवून आतलं चित्र खुशाल बदलता येतं. निकालाचा अर्थ नेमका उलटा आहे. 'मूलभूत घडण' म्हणा. म्हणजे पुन्हा 'घटना'च! पाहा, खोडलेला शब्द कसा मागच्या दाराने आत येतो.

तर मग दोन शब्दांत फरक काय? कोश दोन्ही शब्द समानार्थी देऊन मोकळे होतात. कोशकारांना जागा वाचवायची असते, मला नाही. माझं मत असं की घटना प्रत्येक राज्याला असतेच, चांगली असो वा वाईट. संविधान मात्र कोणीतरी बसून मांडावं लागतं. 'ब्रिटनला घटना नाही' हे वाक्य परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत दरवर्षी येतं आणि ते चूक आहे. ब्रिटनला घटना आहे: १६८९ चा हक्कांचा कायदा, उमरावांच्या सभागृहाचे अधिकार छाटणारा १९११ चा कायदा, आणि कुठेच न लिहिलेले पण सगळ्यांनी पाळलेले संकेत. नाही ते एका पुस्तकात मांडलेलं संविधान. पश्चिम जर्मनीने १९४९ मध्ये तर 'संविधान' या अर्थाचा आपला शब्दच टाळला आणि 'मूलभूत कायदा' असं नाव दिलं, कारण देश दुभंगलेला होता आणि ही मांडणी तात्पुरती समजायची होती. १९९० मध्ये देश एक झाला, नाव तेच राहिलं. तात्पुरता शब्द असा चिवट निघतो.

घटना विकसित कशी होते, हेही भाषणाच्या विषयात आहे, नाही का. एक तर मजकूर बदलून. इथे दोन रीती आहेत. अमेरिकेत १७८७ चा मूळ मजकूर तसाच छापतात आणि दुरुस्त्या मागे जोडतात. त्या सत्तावीस आहेत. शेवटची १७८९ मध्ये सुचवली गेली आणि मंजूर झाली १९९२ मध्ये. म्हणून तिथल्या दुरुस्तीला मी 'पुरवणी' म्हणेन. भारतात दुरुस्ती मजकुराच्या आतच शिवली जाते. भारताच्या संविधानाची प्रत उघडून अनुच्छेद ३१ पाहा. तिथे मालमत्तेचा मूलभूत हक्क होता. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो काढला, पण आकडा काढला नाही. आकड्यापुढे तरतूद नाही, ती काढल्याची नोंद तेवढी आहे, आणि खाली ३१क सुरू होतो, जसा वाड्यातला कर्ता गेला तरी दारावरची पाटी राहावी. हक्क पुढे ३००क मध्ये सापडतो, मूलभूतपण गमावून.

दुसरी वाट, शब्द तेच राहतात आणि अर्थ सरकतो. अनुच्छेद २१ मध्ये जीविताचा आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचा उल्लेख आहे. 'खासगीपणा' हा शब्द तिथे नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो हक्क तिथेच वाचला. एका अक्षराची दुरुस्ती न करता. भाषेच्या माणसाला यात आश्चर्य वाटण्याचं कारण नाही. 'संशोधन'चा अर्थ मराठीत सरकला तो कोणाच्या ठरावाने?

तेव्हा भाषणात दोन्ही शब्द खुशाल ठेवावेत. राज्य कसं घडलंय ते सांगताना घटना, ग्रंथाबद्दल बोलताना संविधान. 'घटना समिती' आणि 'मसुदा समिती' या एकच नव्हेत, एवढं मात्र तिने पाहून घ्यावं: पहिलीचे अध्यक्ष राजेंद्र प्रसाद, दुसरीचे आंबेडकर. आणि 'संवैधानिक' लिहिलं असेल तर तेही बदलावं. 'इक' लागला की वृद्धी, म्हणजे 'अ'चा 'आ' होणं, शब्दाच्या पहिल्या स्वराला होते: समाज–सामाजिक, व्यवहार–व्यावहारिक, तसं संविधान–सांविधानिक. 'वैधानिक'च्या आधी 'सम्' जोडला, असा बचाव काही पंडित करतात. मग त्यांनी 'समाजिक'चाही बचाव करून दाखवावा. जीभ वळत नसेल तर 'घटनात्मक' म्हणावं. पण तिच्या शिक्षकांच्या हाती लाल पेन आहे, तेव्हा तेही खोडलं जाईल.