उसाचा रस, गजरा आणि नणंदेचा टोमणा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, या ताई सांगलीच्या, वय ५१, मिस्टरांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, चार वर्षं डायलिसिस चाललं, त्यांना जाऊन आता चौदा महिने झाले. परवा मार्केटमधून येताना या रसवंतीवर थांबल्या, फुल ग्लास रस प्यायल्या, केसात गजरा होता, आणि नेमकं नणंदेने बघितलं. "बरी लवकर सावरलीस गं!" तेव्हापासून घास उतरत नाहीये आणि विचारतायत, मला असं आनंदात जगायचा हक्क तरी आहे का, मी त्या लायकीची आहे का.

आधी रसाचं. ज्याच्या घरात डायलिसिसचा पेशंट आहे त्यालाच हे कळेल, आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनवर, आणि घरी पाणीसुद्धा मापून, कारण लघवी होत नाही म्हटल्यावर प्यायलेलं अंगातच साठतं, पाय सुजतात, धाप लागते. उसाचा रस, शहाळं तर नावच काढायचं नाही. आणि तुम्ही लिहिलंय की त्यांच्यासमोर नको म्हणून तुम्हीपण चार वर्षं रस सोडला होता. मग तो ग्लास गोड लागला यात पाप कसलं हो?

आता तुम्हाला सगळे म्हणत असतील, एवढी सेवा केलीस, आता जग. मला हेही पटत नाही, खरं सांगते. म्हणजे जिने सेवा केली नसती, जी कंटाळली असती, चिडली असती, तिने काय जगायचंच नाही? (तुम्हीही चिडला असणारच कधीतरी, पत्रात लिहिलं नाहीत एवढंच.) आणि मिस्टर चार वर्षं कमवत नव्हते, अंथरुणात रेडिओवर मॅच ऐकायचे, विकेट पडली की ओरडायचे, तेव्हा तुमच्या मनात आलं का कधी, की हे या आनंदाच्या लायकीचे आहेत का? नाही ना. मग स्वतःलाच का हा पेपर?

गजऱ्याचं म्हणाल तर तुमच्याजवळच्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. मग सरकारनेही परिपत्रक काढून बाकीच्या गावांना सांगितलं, असं करा म्हणून. ठरावाने नजरा लगेच बदलत नाहीत हे मलाही माहितीये, पण निदान एका अख्ख्या गावाने तरी तुमची बाजू घेतलीय.

राहिली नणंद. तिचा भाऊ गेलाय, तिचं दुखणं वेगळं, आणि तुम्हाला हसताना बघून तिला वाटलं असेल की आता भावाची आठवण काढायला मी एकटीच उरले. भांडू नका, खुलासाही देऊ नका. सरळ फोन करा, म्हणा चल रस प्यायला. आलं-लिंबू टाकून, बर्फ कमी. नाही आली तर एकट्या जा, पण गजरा काढून नको.