साडेतीन सेंटिमीटरचा वेढा

प्रिय शिक्षकमित्रा,

चौथीच्या वर्गाला तू पन्हाळ्याचा वेढा शिकवणार आहेस. ही गोष्ट मुलांनी आधीच ऐकलेली असते आणि अडचण तिथेच आहे. महाराज सुटणारच हे त्यांनी धरलेलं असतं, त्यामुळे त्या रात्रीची धाकधूक त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तुझं पहिलं काम ती धाकधूक परत आणण्याचं.

सुरुवात सुतळीने कर. ५ मीटर सुतळी घे आणि १० सेंटिमीटरला एक वर्ष धर. एका टोकाला १६३०, दुसऱ्याला १६८०. मुलांना आपलं वय त्यावर मोजू दे, मीटरभर भरेल. मग ३ मीटरवर चिमटा लाव: मार्च १६६०. विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर याचा वेढा चार महिन्यांहून जास्त चालला, पण सुतळीवर तो साडेतीन सेंटिमीटरच दिसतो. नुसत्या सनावळीने हे अंतर मुलांना कधीच उमगत नाही.

आता गोष्ट सांग, पण बारा मिनिटांत. पाऊस लागला की वेढा ढिला पडेल ही आशा होती, पण जौहरने छावणीवर छपरं घालून घेतली. राजापूरचे इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले. नेताजी पालकरांनी बाहेरून वेढा फोडायचा प्रयत्न केला, तो फसला. तिकडे शाहिस्ताखान पुण्यात येऊन बसला होता. इथे थांब. विशाळगडाचं नावही काढू नकोस.

पाच-पाच मुलांचे गट कर आणि सहा मिनिटं दे. तह करायचा, बाहेर पडून लढायचं, अजून वाट पाहायची की निसटायचं? निवड मुलांवर सोडलीस तर सगळे गट ‘निसटायचं’ म्हणतील, कारण शेवट त्यांना पाठ आहे. म्हणून प्रत्येक गटाला एकेक बाजू नेमून दे आणि तिच्यात काय गमवावं लागेल तेही सांगायला लाव.

त्यानंतर १२ जुलैची रात्र. नकाशावर मसाईचं पठार दाखव. पायवाट साधारण ६० किलोमीटर, म्हणजे २०० मीटरच्या मैदानाला ३०० फेऱ्या, त्याही चिखलात, अंधारात आणि पाठलाग चालू असताना. हा गुणाकार मुलांनाच करू दे.

माणसं मात्र घाईने उरकू नकोस. पालखीत बसून शत्रूच्या हाती गेलेले नेबापूरचे शिवा काशीद आणि खिंडीत बाजीप्रभूंबरोबर उभे राहिलेले बांदलांचे मावळे यांच्यावाचून ही गोष्ट उभीच राहत नाही. आणखी एक गोष्ट आवर्जून सांग. नेताजींबरोबर वेढ्यावर चालून गेलेल्यांत सिद्दी हिलाल होते, आणि आदिलशाहीच्या बाजूने विशाळगडाला वेढा घालून बसलेले सुर्वे आणि दळवी मराठा सरदार होते. हे गाळलंस तर नऊ वर्षांचं मूल लढाईची वाटणी धर्मावर करतं आणि मधल्या सुट्टीत तीच वाटणी शेजारच्या बाकावर लावतं. त्या बाकावरच्या मुलासाठी तरी हा तपशील सोडू नकोस.

सर्वांत जास्त घोटाळा संवादांमुळे होतो. रंगात येऊन आपण महाराजांच्या तोंडी वाक्यं घालतो आणि परीक्षेत ती अवतरणचिन्हांत परत येतात. ‘महाराज म्हणाले’ ऐवजी ‘महाराजांनी विचार केला असेल’ असं म्हण. फळ्यावर तीन रकाने आख: लिहिलेलं सापडतं, लोक सांगत आले, आपण जोडलं. तोफांचे आवाज होईपर्यंत बाजीप्रभूंनी प्राण सोडला नाही, हे दुसऱ्या रकान्यात जाईल. तिथे गेल्याने त्याची किंमत कमी होत नाही. लोकांनी हे इतकी वर्षं का जपलं, तेही मुलांना विचार. सभासदाची बखर १६९७ ची, म्हणजे घटनेनंतर ३७ वर्षांनी लिहिलेली. सुतळी ५ मीटरवर संपते आणि बखर ६ मीटर ७० सेंटिमीटरच्या आसपास येते, तेव्हा एका मुलाला सुतळीपुढे पावणेदोन मीटरवर वही धरून उभं कर.

हे सगळं एका तासिकेत बसणार नाही. दोन तासिका घे आणि पहिली ‘काय करायचं?’ या प्रश्नावरच संपव. मुलं घरी जाऊन भांडतील, भांडू देत. सुतळी गुंडाळून कपाटात ठेव. राज्याभिषेकाच्या पाठाला ४ मीटर ४३ सेंटिमीटरवर दुसरा चिमटा लागेल.