प्रश्न तुमचे: दूरचा कॉम्प्युटर, कानाजवळचा आवाज

प्रश्न : मी पूर्ण अंध आहे. नागपूरच्या एका ऑफिसचं डेटा एंट्रीचं काम गावातूनच करायचं ठरलंय. त्यांनी एनीडेस्क टाकून दिलं. जोडणी होते, पण माझा एनव्हीडीए (पडदा वाचून बोलणारा प्रोग्राम, म्हणजे स्क्रीन रीडर) खिडकीचं नाव सांगतो आणि गप्प होतो. सेटिंगमध्ये काय चुकलं? आमच्याकडे घराच्या धाब्यावर (छतावर) गेल्याशिवाय नीट रेंज येत नाही, तेही लक्षात घ्या.
— एक वाचक, ता. आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : सेटिंग बरोबर आहे. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही साधनं दूरच्या पडद्याचं चित्र पाठवतात. डोळस माणसाला त्यात बटणं दिसतात, एनव्हीडीएला मात्र तो एक सपाट फोटो असतो. स्क्रीन रीडरला बटणाचं नाव, रकान्यातला मजकूर अशी माहिती विंडोजकडून मिळावी लागते आणि ती नागपूरच्या मशीनवरच राहते. एनव्हीडीए+आर दाबून चित्रातली इंग्रजी अक्षरं ओळखून घेता येतात. अडल्यावेळी ठीक, रोजच्या एंट्रीला निरुपयोगी.

म्हणून स्क्रीन रीडर त्या टोकालाही चालू हवा. मग प्रश्न उरतो, बोलणं तयार कुठे होतं? तिकडे आवाज तयार करून तो इंटरनेटवरून आणला, तर तुमच्या रेंजवर तो अडखळणार. तिकडून फक्त शब्द आले आणि आवाज तुमच्या मशीनने काढला, तर नेट कमी असलं तरी भागतं. एनव्हीडीएचं ‘रिमोट ॲक्सेस’ हे दुसऱ्या प्रकारचं आहे. जाताना कळा दाबल्याचे संदेश जातात, येताना मजकूर येतो. चित्र नाहीच. शिवाय वेग आणि आवाज तुमच्या सवयीचा राहतो. ई-स्पीकचा मराठी आवाज तुम्ही वापरत असाल तर नागपूरचं मराठीही त्याच आवाजात ऐकू येईल.

ही सोय २०२५.१ आवृत्तीपासून एनव्हीडीएतच आहे. आधी तिच्यासाठी वेगळं ॲड-ऑन टाकावं लागे. तिकडचं मशीन विंडोज ७ चं असेल तर ॲड-ऑनशिवाय इलाज नाही, कारण २०२४.१ पासूनचा एनव्हीडीए विंडोज ७ वर चालतच नाही.

जोडणी अशी करा. दोन्हीकडे एनव्हीडीए+एन, मग टूल्स, रिमोट, कनेक्ट. (टूल्समध्ये रिमोट सापडलं नाही तर एनव्हीडीएच्या सेटिंगमधला ‘रिमोट ॲक्सेस’ विभाग उघडून ते सुरू आहे का बघा.) नागपूरकडे ‘या कॉम्प्युटरला नियंत्रित होऊ द्या’ हा पर्याय, तुमच्याकडे ‘दुसरा कॉम्प्युटर नियंत्रित करा’. सर्व्हर, म्हणजे दोन्ही मशीनना जोडून देणारा मधला कॉम्प्युटर, दोन्हीकडे एकच. किल्ली एका टोकाला ‘जनरेट की’ने तयार करायची आणि तीच दुसरीकडे जशीच्या तशी टाकायची. जोडणी झाली की एनव्हीडीए+आल्ट+टॅब दाबा, म्हणजे कळफलक नागपूरला गेला. पुन्हा तेच दाबलं की परत गावात.

आता हमखास अडतं ते सांगतो. जोडणीच होत नसेल तर ऑफिसच्या फायरवॉलने ६८३७ हा पोर्ट अडवलेला असू शकतो. तिथल्या संगणकवाल्या माणसाला हाच आकडा सांगा, नुसतं ‘नेट चालत नाही’ म्हणू नका. जोडणी झाली पण बोलणं येत नसेल, तर तिकडे कुणीतरी कटकट नको म्हणून एनव्हीडीएचा स्पीच मोड बंद केला असेल. तो चालूच हवा. शांतता हवी तर कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम शून्य करा. आणि परवानगी विचारणारी खिडकी आली की सगळं थिजत असेल, तर तिकडे पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालवलेली) प्रत आहे असं समजा. ती अशा सुरक्षित पडद्यावर बोलू शकत नाही. एनव्हीडीए रीतसर इन्स्टॉल करा आणि जनरल सेटिंगमध्ये ‘साइन-इनच्या वेळी एनव्हीडीए वापरा’ला टिक करा.

एक बारीक गोष्ट. आज्ञा तिकडचा एनव्हीडीए ऐकतो, म्हणून कळांची मांडणीही तिकडचीच लागू होते. तुमचा लॅपटॉप नंबरपॅडशिवायचा आणि तिकडे ‘डेस्कटॉप’ मांडणी असेल, तर वाचनाच्या निम्म्या कळा तुमच्याकडे नाहीतच. कॅप्सलॉक तिकडे एनव्हीडीएची कळ म्हणून नेमलेली नसेल तर तुम्ही आज्ञा द्यायला जाल आणि तिकडे कॅपिटल अक्षरं सुरू होतील. नंतर ‘पासवर्ड चुकतोय’ म्हणून अर्धा दिवस जातो, तो यानेच. दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी सारख्या करून घ्या.

प्रश्न : आमचं ऑफिस म्हणतं, बाहेरचा सर्व्हर चालणार नाही, विंडोजचं रिमोट डेस्कटॉपच वापरा. त्यात दोन एनव्हीडीए एकमेकांवर बोलतात.
— एक वाचक, मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : ऑफिसचं म्हणणं रास्त आहे. रिमोट डेस्कटॉपमध्ये मात्र आवाज तिकडे तयार होऊन नेटवरून येतो, तेव्हा बरं ब्रॉडबँड असेल तरच याच्या नादी लागा. तिकडचं विंडोज प्रो किंवा त्यावरचं हवं. होम आवृत्ती बाहेरून येणारी जोडणी घेत नाही.

रनमध्ये ‘एमएसटीएससी’ची इंग्रजी अक्षरं टाइप करा, एंटर. आल्ट+ओने जास्तीचे पर्याय उघडा, कंट्रोल+टॅबने ‘लोकल रिसोर्सेस’वर जा. ऑडिओ ‘या कॉम्प्युटरवर वाजवा’ असा ठेवा. विंडोज-कळांच्या जोड्या ‘फक्त फुल स्क्रीन असताना’ ठेवा. ‘कायम रिमोटवर’ असं ठेवलंत तर परत यायला त्रास होतो.

जोडणी झाल्यावर त्या खिडकीतच तुमच्या एनव्हीडीएला झोपवा: डेस्कटॉप मांडणीत एनव्हीडीए+शिफ्ट+एस, लॅपटॉप मांडणीत एनव्हीडीए+शिफ्ट+झेड. झोप फक्त त्या खिडकीपुरती असते, बाकी प्रोग्राममध्ये तो बोलत राहतो. इन्सर्ट कळ आता थेट तिकडे पोचते. तिकडचा एनव्हीडीए सुरू नसेल तर विंडोज+आर, एनव्हीडीएची चार इंग्रजी अक्षरं, एंटर. हे न ऐकताच टाइप करावं लागतं. खिडकी बंद करून पुन्हा उघडली की झोपवण्याचं काम पुन्हा करायचं.

फुल स्क्रीनमधून बाहेर पडायला कंट्रोल+आल्ट+ब्रेक. ब्रेकची कळ नसलेल्या लॅपटॉपवर कंट्रोल+आल्ट+होमने वरच्या पट्टीवर यायचं. तिकडे कंट्रोल+आल्ट+डिलीट पाठवायचं असेल तर डिलीटऐवजी एंड. सगळं जमूनही आवाज नसेल आणि तिकडे विंडोज सर्व्हर असेल, तर ‘विंडोज ऑडिओ’ ही सेवा सुरू करायला सांगा. सर्व्हरवर ती बऱ्याचदा बंद असते.

जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. रिमोट डेस्कटॉपमध्ये त्याचा मजकूरच इकडे येतो, आवाज नाही. पण रिमोटसाठीचा परवाना स्वतंत्र घ्यावा लागतो.

प्रश्न : लिनक्स सर्व्हर सांभाळायचं काम अंध माणसाला झेपेल का?
— एक विद्यार्थिनी, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : या तिन्हीत हेच सोपं. एसएसएचमध्ये (दूरच्या मशीनला टाइप करून आज्ञा देण्याची सोय) मुळातच अक्षरं येतात, म्हणून तिकडे स्क्रीन रीडर लागत नाही. त्याचा क्लायंट, म्हणजे आपल्या बाजूचा प्रोग्राम, विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत सोबतच मिळतो. आलेल्या ओळी नंबरपॅडच्या ७, ८, ९ ने मागची, चालू, पुढची अशा वाचायच्या. बडबड फार झाली तर कंट्रोल दाबून गप्प करायचं, एनव्हीडीए+५ ने बदल आपोआप वाचणं थांबवायचं. सतत पडदा बदलणाऱ्या आज्ञा टाळा. उदाहरणार्थ ‘टॉप’ ही चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारी आज्ञा उणे-बी आणि उणे-एन एक हे पर्याय लावून दिली, की यादी एकदाच छापून थांबते.

प्रश्न : तालुक्याच्या सेवा केंद्रातलं मशीन मी घरून चालवतो. लाईन गेली की दिवस बुडतो.
— एक वाचक, चिमूर, जि. चंद्रपूर

उत्तर : लाईन आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं यासाठी बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीचं मशीनचं सेटिंग) ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा तशा नावाचा पर्याय असतो, तो ‘पॉवर ऑन’ करायचा. बायोसमध्ये कुठलाच स्क्रीन रीडर चालत नाही, तेव्हा एकदा डोळस माणूस सोबत घ्या. स्लीप ‘नेव्हर’ करा. झोपलेलं मशीन बंद मशीनइतकंच निकामी.

सुरू झालेलं मशीन पिन मागत थांबतं. रिमोट डेस्कटॉप साइन-इनच्या आधीच तयार असतं, पण त्यात पिन चालत नाही, खात्याचा पासवर्ड घरून टाकावा लागतो. एनव्हीडीए रिमोटसाठी आपोआप जोडणीचा पर्याय निवडा आणि जनरल सेटिंगमधून जतन केलेली सेटिंग साइन-इनच्या पडद्यालाही लागू करा. मग तिथे असतानाच मशीन रीस्टार्ट करून दुसऱ्या लॅपटॉपवरून जोडून बघा. नाहीच जुळलं तर पिन टाकायला तिथल्या एका विश्वासाच्या माणसाला सांगून ठेवा.

प्रश्न : ‘बँकेतून बोलतोय, एनीडेस्क टाका, तुमचं ॲप बोलकं करून देतो’ असा फोन आला. खरं असतं का?
— एक वाचक, लोणार, जि. बुलडाणा

उत्तर : नाही. फोन ठेवा. टाकून झालं असेल तर आधी नेट बंद करा, ॲप काढा, बँकेला कळवा आणि १९३० ला फोन लावा. एनव्हीडीए रिमोटची किल्लीही पासवर्डच समजा. ती ज्याच्याकडे आहे त्याला तुमचा एनव्हीडीए जे वाचेल ते सगळं ऐकू जातं, आलेला ओटीपीसुद्धा. मदतीपुरती जोडणी केली असेल तर काम झाल्यावर डिस्कनेक्ट करा, पुढच्या वेळी नवी किल्ली बनवा.