प्रार्थनेच्या वहीतला रिकामा रकाना

प्रिय ताई,

चार महिने तुम्ही रोजच्या प्रार्थना वहीत लिहिता आहात. ‘उत्तर’ हा रकाना मात्र जवळजवळ कोराच आहे. वही चाळली की विश्वास खचतो, शिवाय घरात कुणी ती वाचेल याची धास्ती. तेव्हा लिहिणं थांबवावं का, असं तुम्ही विचारता.

वही राहू द्या, रकाना काढा. बायबलमधल्या प्रेषित पौलाने ‘शरीरातला काटा’, म्हणजे सतत छळणारा एक त्रास, निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. काटा राहिला आणि ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर मिळालं (2 करिंथ 12). हे तुमच्या रकान्यात कुठे लिहिलं असतं?

त्याऐवजी डाव्या पानावर तारीख आणि प्रार्थना लिहा, उजवं पान कोरं सोडा. महिन्यातून एकदाच मागे वळा आणि वेगळ्या शाईने तिथे तारखेसह लिहा: घडलं, घडलं नाही, अजून वाट पाहते आहे, किंवा माझं मागणंच बदललं. हा शेवटचा शेरा सर्वांत मोलाचा, आणि जुनं मागणं लिहिलेलं नसेल तर तो बदल लक्षातही येत नाही. दररोज मात्र उत्तरं तपासू नका; ती हिशेबतपासणी होते.

पत्रासोबतच्या नमुन्यात ‘भावाला आशीर्वाद दे’ असं आहे. हे पूर्ण झालं हे कळणार कसं? ‘गुरुवारच्या मुलाखतीत तो घाबरू नये’ असं लिहा. शिवाय एका दिवसात सतरा मागण्या! एवढी यादी नुसती वाचली जाते, प्रार्थना होत नाही. रोज तीन पुरेत. बाकीच्या मागण्या आठवड्याच्या वारांत वाटून द्या. आधी एक ओळ उपकारस्तुतीची, मग पापकबुली, मग मागणी. दहा मिनिटांत होतं. एखादा दिवस चुकला तर मागाहून भरू नका.

मन कोरडं असेल त्या दिवशी बायबलमधलं स्तोत्र 13 उतरवून काढा. ‘कोठवर?’ या तक्रारीने सुरू होऊन ते स्तुतीवर येतं. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, तरी ते बायबलमध्ये आहे. म्हणजे देवावरचा रागही लिहायला हरकत नाही. उलट कुणी वाचेल म्हणून गोडगोड लिहिलंत, तर ती प्रार्थना त्या वाचणाऱ्यासाठी होते.

धास्तीवर साधा उपाय आहे. पापकबुली सुट्या कागदावर लिहा, प्रार्थना झाली की 1 योहान 1:9 हे पापक्षमेचं वचन वाचा आणि कागद फाडून टाका. दुसऱ्यांची गुपितं असतील तिथे नावाचं फक्त आद्याक्षर घाला. विश्वासाने सांगितलेली गोष्ट मंडळीच्या (चर्चच्या) प्रार्थनासभेत ‘विनंती’ म्हणून मांडायची, तर आधी त्या व्यक्तीला विचारा.

राहिली जुनी चार महिन्यांची पानं. ती फाडू नका, नव्याने उतरवूनही काढू नका. एका बैठकीत वाचा आणि आज जे तुम्ही तसं मागणार नाही, त्यावर फक्त खूण करा.